चाळिशीत शिकलेली फेकी

"तू डावखुरा आहेस का रे?"

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, मुलुंडच्या आमच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर काकांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं, उजवाच आहे. तर म्हणाले, "मग पाय कोणाचे घेऊन आलायस?"

काका म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले, सत्तरी ओलांडलेले, ऐन उमेदीत रेल्वेच्या टीममधून खेळलेले. दर रविवारी सकाळी साडेसहाला कोर्टाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. सोबत चहाचा थर्मास. त्यांना कोणी कोच म्हणून नेमलेलं नाही, ते पैसे घेत नाहीत, आणि कोणाचं कौतुक तर मुळीच करत नाहीत. बोलतात मात्र भरपूर.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा. लोअर परळला अकाउंट्समध्ये नोकरी, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. उंची पाच फूट आठ इंच. चार नंबरवरून, म्हणजे नेटच्या डाव्या टोकावरून, स्मॅश मारणार असा माझा हट्ट. आणि मारलेल्या दहातले चार नेटमध्ये, तीन बाहेर, दोन समोरच्याच्या ब्लॉकवर, म्हणजे नेटवर उभारलेल्या हातांवर, आपटून परत माझ्याच पायाशी. उरलेल्या एकावर मी वीस वर्षं खेळत होतो. शिवाय सोमवारी सकाळी गाडीत वरचं हँडल उजव्या हाताने धरता यायचं नाही. खांदा असा ठणकायचा की डाव्या हाताने लटकत परळपर्यंत जायचं.

उपाय म्हणून मी काय करत होतो? अजून जोरात मारत होतो.

पायांचा उगम मला रात्री झोपताना आठवला. लालबागला आमच्या चाळीसमोर एक मोकळी जागा होती. नेट एका बाजूला विजेच्या खांबाला आणि दुसऱ्या बाजूला बदामाच्या झाडाला बांधलेलं. उंची मोजायची पद्धत अशी की एका उंच माणसाने हात वर करून उभं राहायचं आणि त्यावर एक वीत. (पुढे टेप लावून मोजलं तेव्हा कळलं की पुरुषांच्या नेटची नियमातली उंची २.४३ मीटर आणि आमची वीत फार काही चुकत नव्हती.) आम्ही बारकी पोरं कोर्टामागे उभी राहून गटारात जाणारे बॉल अडवायचो. मंडळाचा सगळ्यात भारी स्मॅशर एक दादा होता. त्याने हात मारला की वरच्या गॅलरीतल्या बायका वाळत घातलेली पापडं आत घ्यायच्या. मी त्याच्या बरोबर मागे उभा राहून चार-पाच वर्षं त्याचे पाय बघितले, आणि तसेच्या तसे उचलले.

दादा डावखुरा होता.

डावखुऱ्याचे शेवटचे दोन पाय पडतात डावा, मग उजवा. उजव्या हाताने मारणाऱ्याचे पडायला हवेत उजवा, मग डावा. कारण साधं आहे. शेवटचा डावा पाय पुढे पडला की डावा खांदा नेटकडे जातो, उजवा मागे राहतो, आणि अंग धनुष्यासारखं वळायला जागा मिळते. माझं उलट होतं. शेवटचा उजवा पाय पुढे, म्हणजे उजवा खांदाही आधीच पुढे. मारायच्या आधीच सगळं वळण वापरून संपलेलं. मग उरतो फक्त हात. वीस वर्षं मी निव्वळ खांद्याच्या सांध्यावर बॉल मारत होतो आणि सोमवारी तो सांधा त्याचं बिल पाठवत होता.

असे उलट्या पायांचे चांगले खेळाडूही असतात, हे सांगायला हवं. काही जण आयुष्यभर तसेच खेळतात आणि उत्तम खेळतात. पण त्यांच्याकडे माझ्यापेक्षा उंची असते किंवा माझ्यापेक्षा निम्मं वय.

पाय बदलणं म्हणजे काय, हे ज्याने प्रयत्न केलाय त्यालाच कळेल. डोक्याला सगळं समजतं. 'डावा, उजवा, डावा' ही तीन पावलं. त्याआधी एक छोटं उजवं जोडलं की चार. पण बॉल हवेत गेला की पाय पुन्हा जुन्या मालकाकडे पळतात. तीन रविवार मी मैदानावर अक्षरशः अडखळत होतो. एकदा तर नेटमध्येच गेलो, कोळ्याच्या जाळ्यात माशी जाते तसा.

चौथ्या रविवारी काकांनी थर्मासचं झाकण लावलं आणि विचारलं, "क्रिकेट खेळलायस ना लालबागला?"

"खेळलोय की. मीडियम पेस."

"मग बोलिंग टाक बघू. बॉल नको. नुसती टाक."

टाकली. चार पावलांचा रनअप, गल्लीत असतो तेवढाच.

"पुन्हा टाक. पाय बघ तुझे."

बघितले. उडी, मग उजवा पाय क्रीजमागे, मग डावा पुढे रोवला, आणि हात आला. उजवा, डावा. हेच तर मी तीन आठवडे शोधत होतो! आठ वर्षांचा असल्यापासून हे माझ्या पायांत होतं, फक्त नेट दिसलं की दादाचे पाय चढायचे.

काका म्हणाले, "आता तीच बोलिंग टाक, पण हात वर जाताना तूही वर जा."

त्या दिवशी बरोबर पायांवरचा माझा पहिला स्मॅश पडला. पडला म्हणजे बाहेर पडला, दोन मीटर. पण अंग वळलेलं मला कमरेत जाणवलं. इतकी वर्षं हा भाग या खेळात वापरतात हेच मला माहीत नव्हतं.

तरी शेवटच्या दोन पावलांत बोलिंगहून एक फरक आहे, आणि तो शिकायला महिना गेला. उपांत्य पाऊल, म्हणजे उजवं, लांब टाकायचं आणि टाचेवर घ्यायचं. इथे शरीर खाली बसतं आणि पुढचा वेग अडतो. अडलेला वेग जाणार कुठे? वर. लगेच डावा पाय येऊन थोडा पुढे बसतो, बोटं किंचित उजवीकडे, लिफ्टरच्या, म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्याच्या, दिशेने वळलेली. हे दोन पाय जवळजवळ एकापाठोपाठ पडले पाहिजेत, 'ठक... ठक' नाही, 'ठक-ठक'. काका डोळे मिटून ऐकायचे. खरंच. खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, "लांबला." मातीच्या मैदानावर हे ऐकू येतं. डावा पाय चुकून नेटकडेच बोट करून पडला तर अंग पुढे वाहत जातं आणि नेट टच होतो. माझ्या मंडळींना विचारा, किती पॉइंट घालवलेत असे.

पहिली दोन पावलं मात्र हळू. मी उलटं करायचो: सुरुवातीला धावत सुटायचो आणि शेवटी बॉलखाली जाऊन उभा राहायचो, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा. मग वर उडायचो ते लवकर, आणि बॉल हाताला लागायचा खाली येताना. म्हणून चार नेटमध्ये.

हा वेळेचा घोटाळा सुटला तो मुलुंड स्टेशनवर. रोजच्या गाडीची गर्दी बघा. नवखा माणूस गाडी दिसली की पळत सुटतो, आणि डबा त्याच्या पुढे किंवा मागे जाऊन थांबतो. रोजचा माणूस हलत नाही. मान तेवढी वळवतो, दरवाजा कुठे येणार याचा अंदाज घेतो, आणि गाडी थांबता थांबता दोन पावलांत बरोबर दांड्यासमोर असतो. तो उशिरा निघतो, पण जोरात निघतो. मी वीस वर्षं प्लॅटफॉर्मवर रोजचा माणूस होतो आणि कोर्टावर नवखा. तेव्हापासून ठरवलं की लिफ्टरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत पहिलं पाऊल टाकायचं नाही, आणि उंच लिफ्ट असेल तर बॉल सर्वांत वर पोचेपर्यंत घाई करायची नाही. नेटपासून तीन मीटरवर जी रेषा असते तिच्या एखादं पाऊल मागे, साइडलाइनच्या थोडं बाहेर उभं राहायचं, आणि तिथून तिरकं आत यायचं. थांबणं हे सगळ्यात अवघड निघालं. हात शिकतो, पाय शिकतात, थांबायला मन तयार होत नाही.

हे सगळं बॉलशिवाय, रात्री जेवणानंतर गच्चीवर. शंभर वेळा नाही, वीस-पंचवीस वेळा. त्याहून जास्त उड्या मारल्या की दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात. "काय कुटताय रे रोज रात्री?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी व्हॉलीबॉल म्हणालो. त्यांनी गच्चीभर नजर फिरवली. बॉल कुठेच नव्हता. काही न बोलता गेल्या.

गच्चीवर पाण्याच्या टाकीची भिंत आहे. तिच्यावर मी खडूने मोजमाप ठेवलं आहे, अकाउंटंटच आहे शेवटी. उभ्या-उभ्या माझा हात पोचतो २.२३ मीटरवर. जुन्या उलट्या पायांनी उडी मारून खडूची खूण २.६६ वर लागायची. चार महिन्यांनी २.७४. आठ सेंटीमीटर! एकेचाळिसाव्या वर्षी काही माझ्या मांड्या वाढल्या नव्हत्या. तो सगळा हिशेब पावलांचा आणि हातांचा.

हातांचं वेगळं सांगतो, कारण लोक ते विसरतात. लांब पाऊल टाकताना दोन्ही हात पूर्ण मागे जायला हवेत, आणि उडताना दोन्ही एकदम पुढून वर. एक नाही, दोन्ही. मी एकदा गंमत म्हणून उडी मारून कपाळाने खूण करून बघितली, एकदा हात मोकळे ठेवून आणि एकदा कमरेवर बांधून. हात बांधल्यावर खूण सहा सेंटीमीटर खाली आली. म्हणजे हात फक्त मारायला नसतात, वर न्यायलाही असतात. मी आधी डावा हात लोंबता ठेवायचो, पिशवी धरल्यासारखा.

काका एकदा जिमी जॉर्जबद्दल बोलत होते. केरळचा, इटलीत जाऊन व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळलेला, १९८६ला सोलच्या एशियाडमध्ये ब्राँझ जिंकलेल्या आपल्या टीममधला, आणि पुढच्याच वर्षी तिकडे इटलीत मोटार अपघातात गेला. काका म्हणाले, "तो वर जाऊन थांबायचा." हे मी बऱ्याच जुन्या खेळाडूंच्या तोंडून ऐकलंय. आता हवेत कोणी थांबत नाही, हे दहावीचं विज्ञान. पण घरी कागदावर आकडेमोड केली तेव्हा काका अगदीच चूक नाहीत असं दिसलं. अर्धा मीटर उडी मारली तर पाय जमिनीपासून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत साधारण ०.६४ सेकंद जातो. त्यातला निम्मा वेळ माणूस उडीच्या वरच्या पाव भागात असतो. म्हणजे शेवटच्या बारा-साडेबारा सेंटीमीटरमध्ये ०.३२ सेकंद. खालचा पाऊण भाग तो झपकन ओलांडतो आणि वर रेंगाळतो. बघणाऱ्याला वाटतं, थांबला. आपल्याला बॉल मारायला मिळते ती ही ०.३२ सेकंदाची खिडकी. माझी उडी लवकर असायची म्हणजे ही खिडकी बंद झाल्यावर मी दार ठोठावायचो.

आता हात.

पाय सुधारले, उंची वाढली, तरी बॉलला धार नव्हती. धप्प असा आवाज यायचा, तव्यावर भाकरी टाकल्यासारखा. चांगल्या स्मॅशचा आवाज 'टप्प' असतो, कोरडा. काकांनी दोन रविवार काही सांगितलं नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "पाय बोलिंगचे घे म्हटलं होतं. हात कोणी घ्यायला सांगितला?"

झालं असं होतं की बोलिंगचे पाय आले तसा बोलिंगचा हातही सोबत आला. सरळ कोपर, पूर्ण गोल चक्र, पाणचक्कीसारखं. आणि तो आला यात नवल नव्हतं. लालबागच्या गल्लीत ज्याचं कोपर जरा वाकलं त्याच्यावर सगळी पोरं तुटून पडायची. "फेकी! फेकी टाकतो! नो बॉल!" माझं कोपर लहानपणी वाकायचं, आणि त्यावरून दोन वेळा मला बोलिंगवरून काढलं होतं. मग मी चाळीच्या जिन्याखाली भिंतीवर टेनिस बॉल टाकून टाकून हात सरळ केला. त्या वयात केलेली मेहनत हाडात मुरते.

"फेकी टाक," काका म्हणाले.

"काय?"

"बाउंड्रीवरून थ्रो कसा करतोस? तसा कर. कोपर वाकव. मी अंपायर नाही."

इथे मला अर्धा मिनिट खरंच हसू आवरेना. तीस वर्षांपूर्वी जे केलं म्हणून शिव्या खाल्ल्या तेच आता करायला सांगत होते.

थ्रोमध्ये काय होतं ते बघा. आधी कोपर मागे जातं, खांद्याच्या रेषेत किंवा जरा वर. हात कानाच्या मागे, तळवा मोकळा. डावा हात लक्ष्याकडे, इथे बॉलकडे. मग डावं कोपर पोटाकडे ओढलं जातं, त्याबरोबर कंबर वळते, छाती वळते, उजवा खांदा येतो, मग कोपर येतं, आणि सगळ्यात शेवटी मनगट. प्रत्येक जण आधीच्याची वाट बघतो. शेतातला आसूड असतो ना, मूठ हळू हलते आणि टोक कडाडतं, तसं. सरळ हाताने मारलं की आसूडाची काठी होते. काठीनेही लागतं, पण मारणाऱ्याच्या खांद्यालाही लागतं.

कोपर खाली पडणं हा दुसरा आजार, आणि तो आमच्या मैदानावर निम्म्या लोकांना आहे. कोपर खांद्याच्या खाली गेलं की हात बॉलला ढकलतो, मारत नाही. आणि कमावलेले आठ सेंटीमीटर तिथेच गमावले जातात. काकांनी मला भिंतीपासून हातभर अंतरावर पाठमोरं उभं केलं आणि कोपर मागे नेऊन भिंतीला टेकवायला सांगितलं, खांद्याच्या उंचीवर. तिथून हात सोडायचा. रोज वीस वेळा. मग जुना टेनिस बॉल घेऊन गुडघ्यावर बसून थ्रो. गुडघ्यावर, म्हणजे पायांची मदत काढून घेतली की कंबर आणि छाती काय करतात ते समजतं. मग उभं राहून व्हॉलीबॉल डाव्या हातात धरून, उजव्याने जमिनीवर आपटून भिंतीवर उडवायचा. तळव्याची टाच बॉलच्या मागे आधी, मग बोटं त्याच्यावरून पुढे झाकत जाणार. बोटं पसरलेली पण ताठ नाहीत. बॉल हातातून सुटताना पुढच्या बाजूने खाली फिरत गेला, म्हणजे त्याला टॉपस्पिन मिळाला, तर मनगट काम करतंय.

हा टॉपस्पिन का हवा, यावर आमचा मोठा वाद झाला. माझं म्हणणं, जोर महत्त्वाचा. काकांनी वाद घातला नाही. पुढच्या रविवारी घरून सुतळीचा गुंडाळा आणि स्टूल घेऊन आले. माझ्यावर मेहेरबानी करून त्यांनी माझ्या हाताची उंची २.७० मीटर धरली, नेटपासून पाऊण मीटर मागे. तिथे मला स्टुलावर चढवून सुतळीचं एक टोक हातात दिलं. दुसरं टोक नेटच्या वरून न्यायचं, पण नेटला चिकटवून नाही, कारण बॉलला जाडी आहे. त्याचा घेर ६५ ते ६७ सेंटीमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दहा-साडेदहा. तेवढी वर सुतळी धरून पुढे सरळ ताणत नेली. ताणत नेली, ताणत नेली. नऊ मीटरचं कोर्ट संपलं, मागची रेषा गेली, आणि सुतळी जमिनीला टेकली ती रेषेच्या जवळजवळ अडीच मीटर बाहेर, जिथे आमच्या स्कूटर लावलेल्या असतात तिथे.

म्हणजे माझ्या उंचीच्या माणसाने नेटच्या वरून कितीही बरोबर, कितीही जोरात, सरळ रेषेत मारलं तर बॉल बाहेरच. गुरुत्वाकर्षण थोडं खाली ओढतं, पण जोर जितका जास्त तितका त्याला वेळ कमी. बाकी सगळं काम टॉपस्पिनचं. टीव्हीवर दोन मीटरची माणसं तीन मीटरच्या रेषेच्या आत बॉल गाडतात ते बघून आम्ही तिथे मारायला जातो, म्हणून बॉल नेटमध्ये. माझी जागा आहे मागचे कोपरे. सातव्या-आठव्या मीटरला. नाहीतर ब्लॉकरच्या बाहेरच्या हाताला घासून साइडलाइनबाहेर काढायचा. त्यात कोणाला मर्दानगी वाटत नाही, पण पॉइंट तेवढाच मिळतो. स्टुलावर उभ्या-उभ्या वीस वर्षांच्या तीन बाहेरच्यांचा आणि चार नेटमधल्यांचा हिशेब जुळला.

थोडं खांद्याबद्दल, कारण मला मेसेज करून हेच जास्त विचारतात. मी फिजिओकडे गेलो होतो, ठाण्याला. आधी एका ठिकाणी मला दहा मिनिटांत गोळ्या आणि 'खेळ बंद करा' मिळालं होतं. ते मी विसरून गेलो. या बाईंनी मला शर्ट काढून आरशासमोर पाठमोरं उभं केलं, फोटो काढला आणि दाखवला. हात वर नेताना माझं उजवं पाठीचं पातं डाव्याआधीच वर उचललं जात होतं. खांद्याभोवती चार लहान स्नायूंची गुंडाळी असते, रोटेटर कफ म्हणतात. हात वेगाने पुढे गेल्यावर त्याला ब्रेक लावायचं काम मुख्यतः मागचे स्नायू करतात. आपण इंजिन वाढवतो, ब्रेककडे बघत नाही. रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपर कुशीला लावायचं आणि हात बाहेर फिरवायचा. पट्टा छातीशी ओढून पाठीची पाती एकत्र आणायची. कंटाळवाणं आहे. बातम्या बघताना करतो. सोमवारी आता हँडल उजव्या हाताने धरतो, हा माझ्यापुरता पुरावा. तुमचं दुखणं वेगळं असू शकतं, दाखवून घ्या.

आणि खाली उतरताना दोन पायांवर उतरा. मी बरीच वर्षं एकट्या डाव्यावर उतरायचो. तो गुडघा आजही पावसाची बातमी हवामान खात्याच्या आधी देतो.

जूनमध्ये मैदान बंद झालं. मातीचं कोर्ट आहे, पहिल्या पावसात तळं होतं. सप्टेंबरपर्यंत पार्किंगमध्ये, खांबांच्या मधे, नेट नाही, बॉल नाही, नुसती पावलं. वॉचमनने पहिल्या आठवड्यात विचारलं, दुसऱ्या आठवड्यापासून तोच "लांबला साहेब" म्हणू लागला. काकांनी त्याला शिकवून ठेवलं होतं.

दसऱ्यानंतर मैदानावर पाणी मारून रोलर फिरला. त्या सीझनला आमच्या भागातल्या एका मंडळाच्या रात्रीच्या स्पर्धेत आम्ही उतरलो. हॅलोजनचे दिवे, लाउडस्पीकरवर मागच्या मॅचचा स्कोअर, वडापावची गाडी. आम्ही दुसऱ्या राउंडला हरलो. पंचविशीतली पोरं होती समोर, पाय स्प्रिंगचे. मी पूर्ण मॅचमध्ये चौदा स्मॅश मारले. सहा पॉइंट. दोन नेटमध्ये, एक बाहेर, बाकी त्यांनी उचलले. पैकी एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. लिफ्ट थोडी उंच आली, नेटपासून बरोबर हातभर. मी थांबलो. समोर दोन ब्लॉकर आले, उडाले. मी अजून जमिनीवरच होतो. मग ठक-ठक, वर गेलो तेव्हा त्यांचे हात खाली यायला लागले होते. बॉल मागच्या उजव्या कोपऱ्यात, रेषेच्या आत वीतभर. आवाज टप्प.

मी वळून बघितलं. काका खुर्चीत होते, डोळे मिटलेले. झोपले होते की ऐकत होते, अजून सांगत नाहीत.

आता माझी मुलगी येते रविवारी. अकरा वर्षांची. बारक्या पोरांसाठी आम्ही नेट खाली बांधतो आणि हलका बॉल ठेवतो. पहिल्या दिवशी तिला पावलं दाखवायला मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, 'माझ्यामागून कर' म्हटलं. चार-पाच वेळा केलं, तिचे पाय गुंतत होते. ती जेवते उजव्या हाताने, कारण आजीने सवय लावली. लिहिते डाव्या हाताने. बॉल कोणत्या हाताने मारते ते मी विचारलंच नव्हतं.

"मार बघू एक."

डावा हात आला.

मी उठून तिच्या समोर गेलो, तोंडाकडे तोंड. "आता माझ्याकडे बघून कर. आरशात बघतेस तशी."

मी उजवा, डावा. ती डावा, उजवा. मागून काकांचा आवाज आला, "लांबला." आमच्या दोघांपैकी कोणाला म्हणाले, कळलं नाही.